कोरण्याआधी वस्तू पक्की बसली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील कोरीवकामाच्या छोट्या व्यवसायावरचा लेख वाचला. यंत्रे, हत्यारे आणि अक्षरांची वळणे यांविषयीची माहिती त्यात नेमकी आली आहे. मात्र वेड्यावाकड्या आकाराची वस्तू काम चालू असताना हलू नये म्हणून ती कशी धरायची, याविषयी त्यात एकही वाक्य नाही. नवशिक्यांचे काम बहुधा याच टप्प्यावर बिघडते, आणि वस्तू सरकली की निसटलेले हत्यार ती धरणाऱ्या हातात घुसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सपाट पट्टी शिकंज्याच्या दोन समांतर जबड्यांत सहज बसते. चमच्याचा दांडा, शंख किंवा नदीतला गोटा यांना समांतर बाजूच नसतात. त्यामुळे जबडे जेमतेम दोन ठिकाणी टेकतात आणि त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेभोवती वस्तू फिरायला मोकळी राहते. अशा वेळी शिकंजा आणखी आवळण्याचा मोह होतो, पण त्याने पातळ धातू चेपतो, दगडाला चीर जाते आणि फिरणे काही पुरते थांबत नाही. खरा उपाय टेकू वाढवण्याचा आहे. नळीसारखी गोल वस्तू व्ही आकाराच्या खाचेत ठेवून वरून दाबली, तर तिला तीन बाजूंनी आधार मिळतो. अंगठीसाठी लाकडी दांड्याच्या टोकाला उभी चीर द्यावी, अंगठी त्यावर चढवावी आणि चिरेत पाचर ठोकावी. दांडा आतून फुगतो आणि अंगठीची बाहेरची बाजू कामाला पूर्ण मोकळी राहते.

ज्या वस्तूला कुठलाच नियमित आकार नाही, तिच्यासाठी राळेच्या जुन्या पद्धतीला आजही तोड नाही, असे माझे मत आहे. राळेत विटकरीची बारीक भुकटी किंवा प्लास्टर आणि थोडे तेल किंवा चरबी घालून ते मिश्रण गरम करतात, जड वाडग्यात ओततात आणि ते मऊ असतानाच वस्तू त्यात दाबून बसवतात. भुकटीमुळे मिश्रणाला कडकपणा येतो, तर तेलामुळे ते ठिसूळ होत नाही. थंड झाल्यावर वस्तूवर बोटाच्या नखाने हलकेच टकटक करून पाहावे: जिथे खाली राळ भरलेली असते तिथे आवाज भरीव, दबका येतो, आणि जिथे पोकळी राहिली असेल तिथे तो खणखणतो. अशा जागी हत्यार चालवले, तर पत्रा आत बसलाच म्हणून समजावे. पोकळ वस्तू तर आतूनही राळेने भरून घ्याव्या लागतात.

मोती, ओपल यांसारख्या उष्णता न सोसणाऱ्या वस्तू गरम राळेत बसवू नयेत. इतर अनेक वस्तूंसाठी सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ होणारे पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकचे दाणे सोयीचे पडतात. गरम पाण्यात ते पारदर्शक झाले की मळता येतात, आणि वस्तूला आधी तेलाचा पुसट हात फिरवला तर काम झाल्यावर सुटतातही. याच कामासाठी काही जण सुमारे 70 अंशांना वितळणारा वूड्स मेटल हा मिश्रधातू वापरतात. त्यात शिसे आणि कॅडमियम असल्याने घरगुती कामाच्या जागी तो आणूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

लेसर यंत्रात हत्याराचा दाब नसतो, म्हणून तिथे पकडीची गरज नाही, हा समज आपल्या लेखातूनही ध्वनित होतो. प्रत्यक्षात हवेच्या झोताने हलकी वस्तू सरकते, यंत्राच्या कंपनाने गोल वस्तू गडगडते, आणि किरणाचा झोत काही मिलिमीटरच्या टप्प्यातच नेमका एकवटत असल्याने तिरप्या पृष्ठभागावरची अक्षरे एका बाजूला ठळक, तर दुसऱ्या बाजूला पुसट उमटतात. निमुळता पेला यंत्राच्या फिरत्या जोडणीवर (किरणाखाली वस्तू गोल फिरवणाऱ्या भागावर) लावताना एक टोक उचलून कोरायची बाजू आडवी समपातळीत आणली नाही, तर हाच दोष दिसतो.

नवे यंत्र घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी या गोष्टींना तोंड द्यावे लागते. तेव्हा पुरवणीच्या एखाद्या पुढील अंकात वस्तू धरण्याच्या या पद्धतींवर आकृत्यांसह स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक कोरीवकाम कारागीर