निकोडेमसच्या हिवाळ्यातले शेजारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील होमस्टेडरांच्या, म्हणजे सरकारने देऊ केलेल्या माळरानावर वस्ती करून ती जमीन कसणाऱ्या कुटुंबांच्या, आठवणींवर आलेला लेख दोनदा वाचला. लेख आत्मीयतेने लिहिलेला आहे आणि त्यातील मातीच्या घरांची वर्णने अचूक आहेत. मात्र कॅन्सस राज्यातील निकोडेमस या छोट्या वस्तीच्या पहिल्या हिवाळ्याविषयी ‘शेजाऱ्यांनी अन्न दिले म्हणून माणसे जगली’ एवढेच एक वाक्य लिहून लेखक पुढे गेले आहेत. माझे पत्र त्या वाक्यातील ‘शेजारी’ या एका शब्दाविषयी आहे. होमस्टेडरांच्या आठवणींत हा शब्द पानोपानी येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ तोच असतो असे नाही.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. जमीन ‘फुकट’ होती असे लेखात म्हटले आहे. अध्यक्ष लिंकन यांनी 20 मे 1862 रोजी सही केलेल्या आणि 1 जानेवारी 1863 पासून अमलात आलेल्या कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा 21 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला 160 एकर जमीन मिळू शकत असे. अविवाहित आणि विधवा स्त्रियाही अर्ज करू शकत. सरकारी शुल्क सारे मिळून 18 डॉलर होते. खरी किंमत पुढे होती. जागेवर घर बांधायचे, पाच वर्षे राहायचे, जमीन नांगराखाली आणायची आणि मगच मालकीपत्र मागायचे. या सौद्याला होमस्टेडरांनीच पैजेची उपमा दिली होती: सरकारने 160 एकर लावले आहेत आणि पाच वर्षांच्या आत तुम्ही उपाशी मराल अशी पैज मारली आहे.

पाच वर्षांनी मालकीपत्र मागताना मात्र केवळ स्वतःचा शब्द चालत नसे. अर्जदाराला जवळच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागे, तीत जमिनीच्या वर्णनाबरोबर चार शेजाऱ्यांची नावे छापली जात आणि त्यांपैकी दोघांनी शपथेवर साक्ष द्यायची असे. (माळरानावरची कितीतरी लहान वर्तमानपत्रे या सूचनांच्या पैशावर तगून होती, हे संपादक म्हणून आपल्याला रंजक वाटेल.) म्हणजे शेजारी असणे ही तेथे केवळ सोयीची किंवा सोबतीची बाब नव्हती. ज्याला आपले घर, आपली नांगरट आणि आपले तेथे असणे पाहणारे कोणी नाही, त्याचा हक्क कागदावर सिद्ध होणेच अवघड होते. आज मी तुझ्यासाठी साक्ष देतो, पुढल्या वर्षी तू माझ्यासाठी दे, असा हा व्यवहार चाले. त्यातून खोट्या साक्षींच्या तक्रारीही झाल्या, आणि तसे होणे स्वाभाविकच होते.

या साक्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत आणि मला त्या साऱ्या आठवणींपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. घर किती फूट लांब, किती रुंद, दारे किती, खिडक्या किती, एकरभर मका की पाच एकर गहू, विहीर खणली की नाही, कुटुंब कधी आणि किती महिने बाहेर होते, अशा प्रश्नांना शेजाऱ्याने दिलेली ती कोरडी उत्तरे आहेत. आपल्याकडच्या पंचनाम्याइतकीच कोरडी. आठवणी मात्र पुष्कळशा नंतरच्या असतात. ‘जुन्या रहिवाशां’च्या मेळाव्यांत त्या सांगितल्या गेल्या, स्थानिक इतिहासांत छापल्या गेल्या, आणि 1930 च्या दशकात सरकारी लेखक-योजनेतील माणसांनी वृद्धांना भेटून त्या टिपून घेतल्या. पन्नास वर्षांनंतर सांगताना हिवाळा अधिक कडक होतो आणि शेजारी अधिक प्रेमळ. हा कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवायला हवे.

माणसांना आपली आठवण कशी राहावी असे वाटत होते, याचा एक पुरावा सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराच्या संग्रहात सापडतो. स्वतःचा होमस्टेड थोड्याच दिवसांत सोडून दिलेला हा गृहस्थ 1886 पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत गाडी घेऊन हिंडला आणि मातीच्या ढेपांच्या घरांपुढे उभ्या असलेल्या कुटुंबांची छायाचित्रे घेत गेला. त्यांतील एका छायाचित्रात कुटुंबाने पायपेटीसारखा ऑर्गन घराबाहेर, गुरांच्या आवारात आणून ठेवला आहे. गृहिणीला नातेवाइकांना ऑर्गन दाखवायचा होता, मात्र मातीचे घर दिसू द्यायचे नव्हते. या एका चित्राने मला होमस्टेडरांविषयी जितके सांगितले तितके लांबलचक आत्मकथनांनी सांगितले नाही.

कष्टांविषयी लेखकांनी पुरेसे लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात आवरतो. झाडे नव्हती, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या ढेपा कापून भिंती रचल्या जात, आणि सरपण नव्हते, म्हणून रानगव्यांच्या आणि गुरांच्या वाळलेल्या शेणावर चूल पेटे. 1874 साली टोळधाडीने उभी पिके तर खाल्लीच, शिवाय अवजारांचे घामाने मुरलेले लाकडी दांडेही कुरतडले. 12 जानेवारी 1888 रोजी उबदार सकाळनंतर अचानक हिमवादळ कोसळले तेव्हा मुले शाळेत होती. त्या वादळात सुमारे 235 माणसे दगावल्याचे सांगितले जाते आणि आजही ते ‘शाळकरी मुलांचे वादळ’ म्हणूनच ओळखले जाते.

मला अधिक सांगावेसे वाटते ते विहिरीविषयी. उंच पठारांवर पाणी कित्येकदा दोनशे फुटांहूनही खोल लागे आणि खोदाई हाताने होई. एक जण खाली उतरून कुदळ चालवणार, दुसरा वर रहाटाशी उभा राहून बादलीने माती ओढणार आणि शेवटी त्याच दोराने खालच्या माणसाला वर घेणार. माती ढासळू शकते, खाली विषारी वायू साचलेला असू शकतो, आणि दोर ज्याच्या हातात आहे त्याच्याशी कदाचित काल बांधावरून भांडण झालेले असते. माळरानावरचा शेजारधर्म मला या दोराशी दिसतो. मळणी, घराची उभारणी, बाळंतपण ही सारी कामे याच रीतीने होत, आणि या रीतीला मराठीत ‘सावड’ असा नेमका शब्द आहे. सावडीत कोणी कोणावर उपकार करत नाही. दिवस मोजले जातात आणि फेडले जातात. जो फेडत नाही त्याच्याकडे पुढल्या वर्षी कोणी फिरकत नाही. लेखात या परस्पर मदतीला ‘निरपेक्ष प्रेम’ म्हटले आहे. माझ्या मते त्या शब्दाने त्या माणसांच्या व्यवहारी शहाणपणाला कमीपणा येतो.

आणखी एक गोष्ट निसटते. आठवणी सांगितल्या त्या टिकून राहिलेल्यांनी. 1976 मध्ये अलास्का वगळता हा कायदा रद्द होईपर्यंत, आणि अलास्कात त्यानंतरची दहा वर्षे धरून, सुमारे 16 लाख दाव्यांना मालकी मिळाली आणि सुमारे 27 कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा, खासगी हातांत गेली. पण ज्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाडी जुंपली आणि पूर्वेला परत गेले, अशांचीही संख्या फार मोठी होती. त्यांच्याही शेजाऱ्यांनी त्यांना मदत केली असेल किंवा नसेल; मेळाव्यात येऊन ते सांगायला ती माणसे तेथे नव्हती.

आता निकोडेमस. ही वस्ती 1877 साली वसवली गेली ती केंटकीहून आलेल्या, काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडून. मूळ कायदा झाला तेव्हा या माणसांना नागरिकत्वच नव्हते; ते 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने निर्विवाद झाले. सुपीक जमिनीची जाहिरातपत्रके वाचून ती आली आणि समोर झाड नसलेला माळ पाहून कित्येक कुटुंबे तशीच माघारी वळली. विलियाना हिकमन ही 1878 च्या वसंतात आलेल्या तुकडीतील स्त्री. तिने पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. सोबतचे पुरुष ‘ते पाहा निकोडेमस’ असे ओरडले, तिने आनंदाने नजर लावली, पण तिला कोठेच गाव दिसेना. नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराच्या रेषांकडे बोट दाखवले. माणसे जमिनीत खोदलेल्या खोल्यांत राहत होती. ते पाहून आपल्याला रडू कोसळले, असे ती सांगते. मला या आठवणीतला प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो, कारण ती उशिरा सांगितलेली असूनही तिला गोडवा चढलेला नाही.

पहिल्या वर्षी तेथे पुरेसे नांगर नव्हते, जनावरे नव्हती, बियाणे नव्हते. फावड्याने आणि कुदळीने जमीन फोडली गेली. पुरुष मजुरीसाठी रेल्वेच्या कामावर किंवा पूर्वेकडील शेतांवर गेले आणि मागे बायकामुलांनी हिवाळा काढला. तरीही काही वर्षांत तेथे चर्च, शाळा, टपाल कचेरी, हॉटेल आणि दुकाने उभी राहिली. पुढे 1888 मध्ये रेल्वेमार्ग गावाला वगळून गेला, तेव्हा दुकाने नदीपलीकडे रेल्वेलगत उठून गेली आणि गाव ओसरू लागले. आज तेथे थोडीच माणसे राहतात. पण दर वर्षी जुलैच्या अखेरीस गुलामगिरीतून मुक्तीचा उत्सव साजरा करायला देशभरातून वंशज परत येतात, आणि 1996 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

पहिल्या हिवाळ्यात या वस्तीला मांस देणारे ‘शेजारी’ होते ओसेज जमातीचे शिकारी. ते शिकारीहून परतत होते, आणि या उपाशी माणसांना त्यांनी आपल्या शिकारीतील वाटा दिला. ओसेज हे त्या राज्याचे त्या वेळी रहिवासी राहिलेले नव्हते. 1870 च्या कायद्याने त्यांची कॅन्ससमधील उरलेली जमीन विकायला काढली गेली आणि त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. म्हणजे ज्यांना काही वर्षांपूर्वीच या राज्यातून उठवले होते, त्यांनी तेथे नव्याने बसलेल्यांना अन्न दिले. त्यांचे नाव मालकीसाठी छापल्या जाणाऱ्या चार शेजाऱ्यांच्या सूचनेत कधीच येणार नव्हते, आणि हे अन्न सावडीत फेडून घेण्याचीही सोय नव्हती.

गेल्या वर्षी मुलीकडे गेलो असताना नेब्रास्कातील बिॲट्रिस गावाजवळचे होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान पाहिले. तेथील वाहनतळ बरोबर एक एकराचा ठेवला आहे, म्हणजे पाहुण्याला 160 एकरांची कल्पना यावी. मी तो चालून पाहिला आणि उरलेल्या 159 एकरांच्या विचारानेच दमलो. याच काउंटीत ओटो-मिसुरिया जमातीचे राखीव क्षेत्र होते आणि तेही लोक 1881 मध्ये ओक्लाहोमाकडे हलवले गेले, हे मला तेथेच कळले.

लेखमालेचा पुढील भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात निकोडेमसचा उल्लेख पुन्हा आल्यास ‘शेजाऱ्यांनी’ या शब्दाच्या जागी ‘ओसेज शिकाऱ्यांनी’ असे छापावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक