चोवीस इंची की सत्तावीस इंची? सुहासला पत्र

राजेंद्रनगर, इंदूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

घरच्या पीसीला चोवीस इंची मॉनिटर घ्यावा की सत्तावीस इंची, असं विचारणारा तुझा निरोप मिळाला. फोनवर ‘चोवीस इंची घे’ एवढं सांगून मला मोकळं व्हायचं नव्हतं. तुमच्याकडे एकाच स्क्रीनसमोर तीन माणसं बसणार आहेत. वहिनींचं भाषांतराचं काम दिवसभर चालणार, संध्याकाळी नाना स्कॅन केलेले जुने अंक वाचणार, आणि उरलेल्या वेळात ओजसचा अभ्यास आणि खेळ. त्यातून नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. म्हणून सविस्तर लिहितो आहे. वहिनींनाही वाचायला दे, कारण सगळ्यात जास्त वेळ त्याच बसणार आहेत.

तू ज्या दोघांमध्ये अडकला आहेस, नेमक्या त्याच जातीचे दोन मॉनिटर मला शेजारी शेजारी ठेवून बघता आले. माझ्याकडे २३.८ इंची (बोलताना चोवीसच म्हणतात), सपाट, आयपीएस पॅनेलचा आहे. मेहुण्याने नुकताच २७ इंची, वक्र, व्हीए पॅनेलचा घेतला. आयपीएस आणि व्हीए हे पडद्याचे दोन प्रकार, त्यांचा फरक पुढे सांगतो. तो जोडून द्यायला गेलो तेव्हा माझाही सोबत नेला आणि एकाच पीसीवर दोन्ही लावले. दोघांचं रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, एकच, १९२० बाय १०८०. किमतीत साधारण तीन हजारांचा फरक.

आधी रिझोल्यूशनचं बोलू, कारण तुझ्या घरासाठी सगळा निर्णय तिथेच आहे. दोन्ही स्क्रीनवर ठिपके तेवढेच, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. सत्तावीस इंचीत तेच ठिपके जास्त जागेवर पसरलेले असतात. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके तेवढेच ठेवून अंतर वाढवलं तर रांगोळी मोठी दिसते, नक्षी वाढत नाही, इथेही तसंच. आकड्यांत सांगायचं तर चोवीस इंचीत एका इंचात सुमारे ९३ ठिपके बसतात, सत्तावीस इंचीत सुमारे ८२. सिनेमा बघताना हा फरक तुझ्या लक्षातही येणार नाही. मराठी मजकूर उघडलास की लगेच येईल.

इंग्रजी अक्षरं कमी ठिपक्यांत निभावून नेतात. आपल्या लिपीला वर अनुस्वार, रफार, मात्रा लागतात, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरांची गर्दी. नेहमीच्या १२ पॉइंटच्या अक्षराला विंडोजमध्ये १६ ठिपके उंचीची जागा मिळते. एवढ्यात ‘राष्ट्र’ लिहायचं, ‘र्‍हस्व’ आणि ‘ऱ्हास’ यांतला अर्धा ‘र’ ओळखू यायला हवा, ‘ङ’ आणि ‘ड’ वेगळे दिसायला हवेत. मी एकच पान दोन्हीवर उघडलं. हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतक्या अंतरावरून सत्तावीस इंचीवर ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातली ती छोटी फट पायऱ्यापायऱ्यांची दिसत होती. चोवीस इंचीवर ती साफ होती. ज्या बाईंना दिवसभर काना-मात्रा तपासायच्या आहेत त्यांच्यासाठी मला हा फरक मोठा वाटतो.

आता तू म्हणशील, नानांना अक्षर मोठं हवं, मग मोठी स्क्रीनच बरी. दुकानदारही हेच म्हणतात. इथे आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये, आपल्याकडचं कॉम्प्युटरचं मोठं मार्केट आहे ते, एकाने मला अगदी हाच सल्ला दिला: ‘भिया, घर में बुजुर्ग हैं तो बड़ा ही ले जाओ.’ मनापासून दिलेला सल्ला होता, पण हिशेब करून बघ. सत्तावीस इंचीवर १०० टक्के स्केलिंगला (स्केलिंग म्हणजे विंडोजची सगळं मोठं करून दाखवायची सोय) ते १६ ठिपक्यांचं अक्षर ५ मिलिमीटर उंचीचं होतं. चोवीस इंचीवर विंडोजच्या सेटिंगमध्ये स्केलिंग १२५ टक्के केलंस की तेच अक्षर २० ठिपक्यांत काढलं जातं आणि साडेपाच मिलिमीटरचं होतं. म्हणजे लहान स्क्रीनवर अक्षर मोठंही झालं आणि स्वच्छही. एकावेळी ओळी कमी मावतात, पण वाचणाऱ्याला दोन-चार ओळी कमी दिसल्या तर फारसं बिघडत नाही. वहिनींनी स्वतःचं वेगळं लॉगिन ठेवावं आणि नानांच्या लॉगिनमध्ये १२५ टक्के करून ठेव. कोणालाच रोज बदलावं लागणार नाही.

आणखी एक सोय अशी की २३.८ इंची स्क्रीनची उंची २९.६ सेंटिमीटर भरते आणि ए-फोर कागदाची २९.७. नानांचे स्कॅन केलेले अंक एकावेळी एक पान करून पूर्ण स्क्रीनवर उघडले की पान जवळजवळ कागदाएवढंच दिसतं. आमच्या शेजारच्या काकांना मी एक जुना अंक तसा उघडून दाखवला, तर ते भिंगाशिवाय वाचत बसले. मला फार बरं वाटलं ते बघून.

पॅनेलचा फरक तसा सरळ आहे. आयपीएस हिटाचीने १९९६ मध्ये बाजारात आणलं, तेच मुळी बाजूने बघितल्यावर रंग बदलू नयेत म्हणून. तुमच्याकडे ओजसला गणित समजावताना तू खुर्चीच्या बाजूला उभा राहणार. आयपीएसवर तुला तेच दिसेल जे त्याला दिसतं. व्हीएवर बाजूने बघितलं की गडद रंग फिके पडतात. अनेक व्हीए पॅनेलांत आणखी एक गोष्ट असते: प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे तीन भाग पुन्हा दोन-दोन तुकड्यांत विभागलेले असतात आणि मध्यम उजेडात त्यातला एकच तुकडा पेटतो. विंडोजचं क्लिअरटाइप हेच तीन भाग वेगवेगळे वापरून अक्षराची कड गुळगुळीत करतं, त्यामुळे अशा पॅनेलवर कड थोडी खरबरीत होते. मेहुण्याच्या स्क्रीनवर करड्या अक्षरांत हे दिसलं. काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर भराभर खाली सरकवला की मागे धूसर शेपूटही राहते.

व्हीएची बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. तिथला काळा रंग खरोखर काळा असतो. आयपीएसचा काँट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ ते) साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१. रात्री दिवे मालवून सिनेमा लावला तेव्हा माझ्या आयपीएसच्या कोपऱ्यांत करडी झाक दिसत होती आणि मेहुण्याच्या स्क्रीनवर रात्रीचं आकाश आकाशासारखं होतं. तो एकटा राहतो, संध्याकाळी मॅच आणि सिनेमे बघतो, टेबलापासून जरा लांब पलंगावर बसून. त्याच्यासाठी त्याची निवड अगदी योग्य आहे, मी त्याला तेच सांगितलं. तुझ्या घराची गरज निराळी आहे.

वक्रतेबद्दल विचारलं होतंस. खोक्यावरचं १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. दोन-तीन स्क्रीनएवढ्या रुंद मॉनिटरला तो बाक उपयोगी, कारण कडा डोळ्यांपासून लांब जात नाहीत. सत्तावीस इंचाला त्याची गरज नाही. उलट स्कॅन केलेल्या पानाची सरळ कड आणि तुझ्या टॅलीतल्या रकान्यांच्या रेघा वाकलेल्या वाटतात.

खोक्यावर जे ठळक छापलेलं असतं त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. ‘१ एमएस’ हा ठिपका किती झटकन बदलतो त्याचा आकडा बहुधा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) झपाट्याने चालू-बंद करून मिळवलेला असतो. ती सोय चालू केली की उजेड कमी होतो आणि डोळ्यांना लुकलुक जाणवू शकते. ‘एचडीआर’ (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) लिहिलेलं असेल तर कमाल ब्राइटनेस किती निट्स (हे उजेडाचं माप) ते बघ. व्हेसा या मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्राची सगळ्यात खालची पायरीसुद्धा ४०० निट्सची आहे, आणि या किमतीतले मॉनिटर २५० च्या आसपास असतात. १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र ताजं होणं, मात्र चांगलं. पान सरकवताना अक्षरं कमी थरथरतात. फक्त विंडोज कधी कधी आपलं ६० वरच बसतं; डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १०० निवडावं लागतं.

आता स्टँड. यावर मला सगळ्यात जास्त भर द्यायचा आहे, कारण दुकानात याविषयी कोणी बोलत नाही. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागे-पुढे कलतो, वर-खाली होत नाही. वहिनींची उंची वेगळी, ओजसची वेगळी, आणि नाना प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असतो तो) खालच्या भागातून बघणार. स्क्रीन उंच असेल तर त्यांना हनुवटी वर करून बसावं लागेल आणि आठ दिवसांत मान दुखायला लागेल. म्हणून मॉनिटरच्या मागे एकमेकांपासून ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावरची चार व्हेसा भोकं आहेत का, ते घेण्याआधी बघ. काही बारीक मॉडेलांना ती नसतात. असतील तर वाचलेल्या तीन हजारांतून टेबलाला घट्ट बसणारा मॉनिटर आर्म, म्हणजे स्क्रीन वर-खाली करता येणारा हात, घे. वहिनींसाठी वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, नानांसाठी आणखी खाली, एका हाताने. सत्तावीस इंची घेतलास तर बजेट तिथेच संपतं आणि स्क्रीन कायमची एका उंचीवर राहते. मला विचारशील तर चोवीस इंची अधिक आर्म हीच एक वस्तू समज आणि तिचीच किंमत काढ.

जुना ३२ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा विचार मात्र सोड. त्या आकाराचे बहुतेक स्वस्त टीव्ही १३६६ बाय ७६८ चे असतात, म्हणजे इंचाला ५० सुद्धा ठिपके नाहीत.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर मराठी मजकुराची एक पीडीएफ आणि नानांच्या अंकाचं एक पान घेऊन जा. तिथे सगळ्या स्क्रीनवर मोर आणि समुद्र लावलेले असतात, त्यावरून काही कळत नाही. तुझं पान उघडायला लाव, ब्राइटनेस निम्म्यावर आण आणि बसून वाच. मग ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलचा कॅमेरा समोर धर. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकतो आहे, तो मॉनिटर नको. शेवटी पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन करून ठिपके तपास. एखाद-दुसऱ्या मेलेल्या ठिपक्यासाठी कंपन्या वॉरंटीत बदलून देतीलच असं नसतं, त्यामुळे ते खोकं उचलण्याआधीच बघायला हवं. मॉडेलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याच नावामागे एक अक्षर बदलून पॅनेल बदललेलं असू शकतं, म्हणून मागच्या लेबलावरचा पूर्ण क्रमांक बघून माहिती पडताळ. जीएसटीचं बिल सीरियल नंबरसकट घे. मॉनिटरला १८ टक्के लागतो आणि तो बहुधा सांगितलेल्या किमतीत धरलेला असतो, वेगळा मागितला तर विचार.

तुझा पीसी जुना आहे, त्यामुळे मागे एचडीएमआय आहे का ते आधी पाहा. असेल तर व्हीजीएची निळी केबल वापरूच नको, अक्षरं पुसट होतात. एचडीएमआय लावूनही काळा रंग राखाडी वाटला तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’ची ‘फुल’ कर. घरी आल्यावर स्क्रीनशेजारी एक कोरा कागद धर आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आण. कंपनीतून तो पुष्कळ वर ठेवून येतो आणि लोक महिनोन् महिने तसाच चालू देतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तुमच्या माडीवर खिडकी पश्चिमेला आहे ना? मग टेबल असं लाव की ती बाजूला येईल, समोरही नको आणि पाठीमागेही नको.

एक काम मात्र मॉनिटर घेण्याच्या आधी कर. नानांच्या चष्म्याचा वाचायचा भाग हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असणार, ३५-४० सेंटिमीटरचा. स्क्रीन ६०-६५ वर असते. ऑपरेशननंतर बसवलेली भिंगं एकाच अंतराची असतील तर या मधल्या अंतरासाठी वेगळा नंबर लागतो, आणि तो न मिळाल्यामुळे पुष्कळ ज्येष्ठ लोक स्क्रीनला दोष देत बसतात. त्यांना खुर्चीत नीट टेकून बसव, डोळ्यांपासून स्क्रीन येईल तिथपर्यंत टेपने मोज आणि पुढच्या तपासणीला तो आकडा डॉक्टरांना सांग. मलाही कळव. मी शनिवारी सिल्व्हर मॉलला जाणार आहे. तुमच्या टेबलाची जाडी सांगितलीस तर आर्मचा क्लॅम्प बसेल की नाही ते तिथेच बघून घेतो. ग्वाल्हेरला मिळाला नाही तर इथून पार्सल करीन.

नानांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, ओजसला आशीर्वाद.

तुझा,
अनंता