किडा गेला, टाचणी उरली: संग्रहालयं सांभाळणाऱ्या मंत्री महोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

संग्रहालयांचं डिजिटायझेशन तुमच्या खात्याकडे येतं म्हणून तुम्हाला लिहितेय, आणि बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय. मी भुंगेऱ्यांवर काम करते. मध्यंतरी एका जुन्या नमुन्यासाठी एका संग्रहालयाशी बरेच दिवस पत्रव्यवहार केला आणि शेवटी स्वतःच गेले (नाव सांगत नाही, तिथली दोन माणसं अख्खा कीटक विभाग सांभाळतात आणि मनापासून सांभाळतात). कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला, त्यांनी अलगद ड्रॉवर बाहेर काढला, काचेचं झाकण बाजूला केलं. मला हव्या असलेल्या रांगेत चौदा टाचण्या होत्या. नऊ टाचण्यांवर भुंगेरे होते. उरलेल्या पाचांवर काहीच नाही, खाली तपकिरी भुकटी आणि अळ्यांनी टाकलेल्या बारीक केसाळ काती. लेबलं मात्र जशीच्या तशी, काळ्या शाईतलं सुबक अक्षर, ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं आडनाव. मी ज्याच्यासाठी गेले होते तो त्या पाचातलाच एक.

वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. तो कधी गेला हे कुणालाच सांगता येईना. मागच्या वर्षी गेला की चाळीस वर्षांपूर्वी? त्या ड्रॉवरचा एक साधा फोटोसुद्धा कधी कुणी काढलेला नव्हता.

हे काम करणारा किडा आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, अँथ्रेनस, दोन-तीन मिलिमीटरचा ठिपकेदार भुंगेरा, त्याची अळी वाळलेले किडे खाते. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६१ मध्ये त्याच्या एका जातीला नाव दिलं तेच 'म्युझियोरम', म्हणजे संग्रहालयातला. अडीचशेहून जास्त वर्षं आपल्याला शत्रू ठाऊक आहे आणि तरी तो कुठल्या ड्रॉवरमध्ये शिरलाय हे आपल्याला भुकटी दिसल्यावरच कळतं.

आता मुद्द्यावर येते. डिजिटायझेशनच्या योजना बहुतेक वेळा 'एक वस्तू, एक फोटो, एक पूर्ण नोंद' अशा हिशोबाने आखल्या जातात. मूर्तीला, नाण्याला, चित्राला ते ठीक आहे. किड्यांना लावलं की काम सुरूच होत नाही. साधा हिशोब करून बघा. एक किडा टाचणीसकट उचलायचा, खालची लेबलं काढायची, फोटो, टायपिंग, पुन्हा लेबलं ओवून जागेवर लावायचा, याला पाच मिनिटं धरा. एक लाख नमुन्यांना आठ हजारांहून जास्त तास लागतात, म्हणजे सुट्ट्या सोडून रोज सात तास नुसतं हेच करणाऱ्या एका माणसाची जवळजवळ पाच वर्षं, आणि एक लाख म्हणजे लहान संग्रह झाला. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये कीटकांचे नमुने ३ कोटींच्या वर आहेत, ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटक संग्रहात १ कोटी २० लाखांच्या आसपास. म्हणून मग होतं काय, की योजनेचं टार्गेट पूर्ण करायला सोप्या वस्तू आधी घेतल्या जातात आणि किड्यांचा नंबर दर वेळी शेवटी लागतो, बहुतेक वेळा लागतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की किड्यांसाठी मोजमापाचं एकक बदला. किडा मोजू नका, ड्रॉवर मोजा. झाकण काढून अख्ख्या ड्रॉवरचा वरून एक अतिशय बारकाईचा फोटो, एकाही टाचणीला हात न लावता. तेच एक लाख नमुने, एका ड्रॉवरमध्ये सरासरी दोनशे धरले तर पाचशे ड्रॉवर, प्रत्येकाला काढणं-पुसणं-बारकोड-फोटो-फाइलला नाव देणं असं सगळं मिळून वीस मिनिटं धरली तरी पाच आठवड्यांत होतात. आकडे मी सोयीसाठी धरलेत, प्रत्येक संग्रहाचे वेगळे निघतील, पण पाच वर्षं आणि पाच आठवडे यातला फरक कुठल्याही आकड्यांनी पुसला जाणार नाही.

हात न लावणं किती महत्त्वाचं हे ज्याने ऐंशी वर्षं जुना किडा उचललाय त्यालाच कळतं. सगळा ठिसूळ झालेला असतो. लेबल सरकवताना जरा टाचणी थरथरली की मिशी तुटते, पाय गळून पडतो, आणि ओळख पटवायला नेमका तोच पाय लागणार असतो.

यात नवीन शोध लावायचा नाहीये. लंडनमध्ये आणि कॅनबेरात सॅटस्कॅन नावाचं मशीन वापरलं गेलं, त्यात कॅमेरा ड्रॉवरवरून थोडा थोडा सरकत शेकडो फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर ते शिवून एक करतं. खरी गंमत लेन्समध्ये आहे. साध्या लेन्सने काढलं तर कडेचे किडे तिरके दिसतात, उंच टाचणीवरचा शेजारच्याला झाकतो, टेलिसेंट्रिक लेन्सला तो तिरकेपणा येतच नाही, मधला काय आणि कोपऱ्यातला काय, प्रत्येक किडा बरोबर डोक्यावरून बघितल्यासारखा दिसतो आणि फोटोवर मोजमाप घेता येतं. तेवढं मशीन परवडत नसेल तरी अडत नाही, नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कीटक संग्रहालयाने गिगापॅन नावाच्या, कॅमेरा आपोआप फिरवणाऱ्या यांत्रिक स्टँडवर साधा कॅमेरा लावून आपले ड्रॉवर टिपले. मग त्या मोठ्या फोटोतून एकेक किडा शोधून वेगळा कापायला लंडनच्याच लोकांनी इनसिलेक्ट नावाचं सॉफ्टवेअर केलं, तेही मोफत.

एक उणीव आहे आणि ती लपवणार नाही. लेबल किड्याच्या खाली असतं, वरून काढलेल्या फोटोत ते बहुतेक झाकलं जातं. म्हणजे कुठे सापडला, कधी सापडला हे या फोटोतून सहसा मिळणार नाही. त्यावरही काम झालंय, किड्याभोवती तिरपे कॅमेरे लावून लेबल वाचायची पद्धत आलीय, पण तो दुसरा टप्पा. पहिला टप्पा दुसऱ्यासाठी अडवून ठेवू नका एवढीच विनंती.

कारण नुसत्या ड्रॉवरच्या फोटोनेही खूप होतं. दरवर्षी तोच ड्रॉवर पुन्हा टिपला की दोन फोटो शेजारी ठेवून कळतं की कुठला किडा गायब झालाय, कुठे भुकटी दिसायला लागलीय. माझ्यासारखीला प्रवास न करता घरबसल्या सांगता येतं की तिसऱ्या रांगेतला पाचवा चुकीच्या नावाखाली बसलाय. लाल लेबल डोकावताना दिसलं तर तो टाइप असू शकतो, म्हणजे ज्या नमुन्यावरून जातीचं नाव ठरलं तोच, आणि असे टाइप विसरलेल्या ड्रॉवरमधून सापडतात. पोस्टाने नमुने मागवावे लागत नाहीत. (पोस्टातून आलेली पेटी उघडताना आतून खडखड ऐकू आली की पोटात गोळा येतो.)

आणि आग. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमधल्या रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, २०० वर्षांचं, सुमारे २ कोटी वस्तूंचं. कीटकांच्या संग्रहाचा बहुतेक भाग गेला. त्यानंतर रिओतल्या म्युझिऑलॉजीच्या (संग्रहालयशास्त्राच्या) विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं की तुम्ही कधी संग्रहालयात फोटो, सेल्फी काढले असतील तर आम्हाला पाठवा. पर्यटक मूर्तीसमोर, सांगाड्यासमोर फोटो काढतात, बंद कपाटातल्या ड्रॉवरसमोर कुणी सेल्फी काढत नाही हो. तिथे मागायलाही काही उरत नाही.

तरी एक गोष्ट हात जोडून सांगते, फोटो झाले म्हणून नमुने कमी महत्त्वाचे झाले असं कुणाच्या डोक्यात येऊ देऊ नका. कित्येक जाती नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ओळखताच येत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोची झर्सीस ब्लू नावाची निळी फुलपाखरं १९४० च्या दशकात संपली, ती खरंच वेगळी जात होती का हा वाद २०२१ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ९३ वर्षं जुन्या एका नमुन्याच्या डीएनएवरून मिटला, वेगळीच जात होती. फोटोतून डीएनए निघत नाही. कपाटं, हवाबंद ड्रॉवर, आर्द्रतेवर नियंत्रण, ते सांभाळणारी माणसं, यांचा निधी कापून कॅमेऱ्याला देऊ नका.

टेंडर काढताना 'इतके लाख इमेज' असं टार्गेट घालू नका, नाहीतर मोठे देखणे किडे भराभर टिपले जातील आणि दोन मिलिमीटरच्या माशा राहतील. कपाट एक, ड्रॉवर एक, इथपासून सरळ ओळीने, रिकामा असेल तर रिकाम्याचाही फोटो. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी. मूळ फाइल पूर्ण दर्जाची, दोन वेगवेगळ्या इमारतींत ठेवलेली, कारण हार्डडिस्क त्याच कपाटात ठेवली तर तीही त्याच आगीत जाईल. फोटो सगळ्यांना मोफत बघता यावेत. आणि हे करायला किडे ओळखणारा निदान एक माणूस कायमस्वरूपी पदावर, सहा महिन्यांच्या कंत्राटावर नको, कारण तो शिकून तयार होतो तोवर त्याची मुदत संपते.

त्या ड्रॉवरमधल्या उरलेल्या नऊ भुंगेऱ्यांचे मी परवानगी घेऊन मोबाइलवर फोटो काढले. कडेचे तिरके आलेत, काचेसारखी चकाकी आलीय, पण तारीख आहे. पाच रिकाम्या टाचण्याही त्यात दिसतात. तुमच्या खात्याने विचारलं तर लगेच पाठवते, सुरुवात त्याच कपाटापासून करता येईल.

आपली नम्र,
भुंगेऱ्यांवर काम करणारी एक अभ्यासक