काचेमागच्या पाण्याचा हिशेब आधी मांडा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

ठाणे-नवी मुंबईच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी मोठे मत्स्यालय व्हावे, असा विचार चालू आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्यानंतर खाडीच्या या बाजूला अख्खे शहर वसले. इथल्या मुलांसाठी मत्स्यालय हवेच. आम्ही मत्स्यालयांची पाणी-यंत्रणा आणि माशांचे आजार सांभाळणारी माणसे. अशा आराखड्यांत बोगदा, काच आणि तिकीटघर आधी ठरते, पाण्याचा विचार शेवटी होतो, म्हणून हे पत्र.

आपल्या दारात खाडी आहे, खुला समुद्र नाही. ऐरोली-वाशीकडचे पाणी गाळाचे. पावसाळ्यात त्याची क्षारता झपाट्याने उतरते, शिवाय त्यात शहराचे सांडपाणी मिसळते. प्रवाळातल्या रंगीत माशांना लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात आणि तेही बारा महिने स्थिर. म्हणजे ते पाणी बनवावे लागणार. १० लाख लिटरच्या टाकीला साधारण ३५ टन क्षारमिश्रण लागते. मिठागरातले मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि कार्बोनेट हवे त्या प्रमाणात नसतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढावे लागते. आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचे म्हटले, तर दर खेपेला साडेतीन टन क्षार. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची असते. नवखा कर्मचारी खारे पाणी ओततो आणि क्षारता चढत जाते.

बाहेर काढलेले खारे पाणी कुठे सोडणार, हे आराखड्यात पहिल्याच पानावर हवे. सांडपाणी केंद्रात ते एकदम गेले, तर तिथले जिवाणू मार खातात. औषध घातलेले पाणी खाडीत सोडता येणार नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

त्या १० लाख लिटरचे पाणी दर दोन तासांनी एकदा गाळणीतून फिरायला हवे, म्हणजे ताशी ५ लाख लिटर. त्यासाठी ताशी अडीच लाख लिटरचे तीन पंप घ्यावेत, दोन चालू आणि एक राखीव. नळ पीव्हीसी किंवा एचडीपीई प्लास्टिकचे, पाणी थंड करणाऱ्या शीतकाची नळी टायटॅनियमची. तांब्या-पितळेचा एकही तुकडा पाण्याला लागू नये. वीज गेली की लोकांना दिवे आठवतात, पण खरा धोका वाळूच्या गाळणीत असतो. प्रवाह काही तास थांबला की तिच्यातले जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरतात, तळाशी हायड्रोजन सल्फाइड साचतो, आणि वीज येताच पंप ते विषारी पाणी थेट माशांवर ढकलतो. म्हणून जनरेटर आपोआप सुरू होणारा हवा आणि गाळणीचे पहिले पाणी गटाराकडे वळवणारा व्हॉल्व्ह हवा. विजेची पॅनेल पंपांच्या खोलीत ठेवू नका, खारी हवा ती खाऊन टाकते.

माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. ही वस्ती जमायला सहा ते आठ आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी वाटा पीएच ७ च्या मानाने दहा पटींहून जास्त. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की सगळे मासे एकदम सोडले जातात, आणि पंधरवड्यात ते मरू लागतात. हे टाळता येते, पण त्यासाठी तारीख पाण्याने ठरवायला हवी.

प्रत्येक नवा मासा किमान ३० दिवस वेगळा ठेवावा लागतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची मात्रा चालते, लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम. तीच मात्रा मुशी, पाकट आणि खेकड्यांना घातक ठरते. मोठ्या टाकीत औषध देता येत नाही, म्हणून पर्यटकांना न दिसणारी मागची जागा प्रदर्शनाइतकीच मोठी हवी, असे आमचे ठाम मत आहे.

काचेच्या जागी लागणाऱ्या ॲक्रिलिकच्या तावदानाबद्दल थोडेच. ५ मीटर खोलीवर तळाला चौरस मीटरमागे ५ टनांचा दाब येतो. डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या हॉटेलातली १० लाख लिटरची टाकी फुटली. पाणी कुठे वाहून जाईल, त्याचा मार्ग आधी आखा. भिंती बंद होण्यापूर्वी तावदान आत नेण्याची वाटही सोडा.

आता मुख्य मागणी. मोठी टाकी प्रवाळाची नको, खाडीची करा. जिताडा, बोय, शिंगाळा, चिंबोरी (खाडीतला खेकडा), निवटी (चिखलावर सरपटणारा मासा). हे जीव कमी-जास्त क्षारतेत आणि २८ अंशांत सुखाने राहतात. लिटरला १५ ग्रॅम धरले, तर ३५ टनांऐवजी १५ टन क्षार पुरतात आणि शीतकाचा भार बराच उतरतो. यातही खाचखळगे आहेत. जिताडा बोयीची पिल्ले गिळतो, म्हणून आकार जुळवावे लागतात. कवच टाकलेली मऊ चिंबोरी बाकीच्या फाडून खातात, तेव्हा कप्पे वेगळे. निवटीला चिखलाचा उतार आणि दर सहा तासांनी चढ-उतार करणारे पाणी हवे. भरती-ओहोटी दिसणारी अशी टाकी मुले तासभर सोडणार नाहीत. जिताडा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, ही गोष्ट सांगायला आपले आगरी-कोळी बांधव कामावर घ्या. मासा कुठे, कोणत्या भरतीला मिळतो, हे त्यांना ठाऊक आहे.

डॉल्फिनचा विषय काढूच नये, केंद्राने २०१३ मध्येच त्याला मनाई केली आहे. समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. जागा निवडताना तिवरांना आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला हात लावू नये.

निविदेत दोन अटी लेखी घाला. मासे थोडे थोडे सोडून झाल्यावर सलग ३० दिवस अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय उद्घाटन नाही. आणि बांधकामाच्या रकमेसोबतच पहिल्या पाच वर्षांचे क्षार, वीज, खाद्य आणि रात्रपाळीसह कर्मचाऱ्यांच्या पगाराची तरतूद. आराखडा तपासायला बोलावलेत, तर आम्ही मोबदल्याशिवाय येऊ.

आपले,
मत्स्यालयांच्या पाण्यावर काम करणारे तंत्रज्ञ,
ठाणे आणि ऐरोली