ड्रायव्हर काका, त्या अर्ध्या तासाबद्दल

प्रिय ड्रायव्हर काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, याची अजून चुटपुट लागते. आठ दिवस तुमच्या गाडीत मागून दुसऱ्या ओळीत खिडकीपाशी बसले होते आणि उतरताना नुसतं "येते काका" एवढंच म्हणाले. तुम्ही तेव्हा कुणाची तरी बॅग शोधत डिकीत वाकला होतात. मान वर न करताच "सावकाश जा" म्हणालात. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळतंय, म्हणून लिहिते आहे.

प्रवासाला निघाले तेव्हा माझ्या बायपासला चौदा महिने झाले होते. बायपास म्हटलं की लोकांना हृदय आठवतं, माझी पोटाची होती, वजनासाठी. पोटाचा वरचा एक लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीला त्या कप्प्यात जेमतेम ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. पुढे तो थोडा सैलावतो, पण पहिल्यासारखं पोट पुन्हा कधी मिळत नाही. तेवढ्या जागेत दिवसभराचं ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन बसवायचं, दीड लिटर तरी पाणी घोट घोट करत प्यायचं, आणि या दोन गोष्टी एकत्र करायच्या नाहीत. जेवणाआधी अर्धा तास पाणी बंद, जेवताना बंद आणि जेवून अर्धा तास होईपर्यंत बंद. आधी पाणी प्यायलं तर ते जागा अडवतं आणि घास जात नाही. जेवताना प्यायलं तर अन्न लवकर पुढे सरकतं, पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

घरी हे सगळं जमतं. घरी घड्याळ माझ्या हातात असतं. प्रवासात ते दुसऱ्यांच्या हातात जातं.

निघायच्या आधी मी विचारायला गेले होते. ज्या दवाखान्यात माझी शस्त्रक्रिया झाली, तिथून मला एक छापील कागद मिळाला होता. सकाळी अमुक वाजता हे, दुपारी तमुक वाजता ते. त्यात प्रवासाबद्दल एक ओळ नव्हती. "आठ दिवस बाहेर आहे, बस थांबेल तेव्हाच जेवण, काय करू?" असं विचारलं तर समोरच्या बाईंनी कॉम्प्युटरवरची नजरही न हलवता सांगितलं, "शक्यतो प्रवास टाळा." किती दिवस टाळू, असं मी विचारलं. त्याला उत्तर नव्हतं. काका, पोटाची अशी पहिली बायपास डॉक्टर एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत १९६६ साली केली. तेव्हापासून जगभर किती माणसं या टेबलावरून उठून घरी गेली असतील. ती माणसं नोकरीला जातात, लग्नकार्याला जातात, तान्ह्या नातवंडांना भेटायला जातात. एवढ्या वर्षांनंतरही त्या कागदावर आमच्या प्रवासासाठी चार ओळी लिहाव्यात असं कुणाला वाटलं नाही, याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

मग माझी तयारी मीच केली. उकडलेली अंडी, भाजलेले दाणे, प्रोटीनची पावडर मोजून भरलेल्या पुड्या. जीवनसत्त्वाच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत, कारण बॅग हरवली तर कपडे विकत मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकदम घेतलं तर लोह अंगी लागत नाही, म्हणून त्या दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर. खोलीत व्यायामाला रबरी पट्टा. एवढं सगळं घेऊन मी तुमच्या गाडीत चढले, आणि पहिल्याच तासाला टूर मॅनेजरने माइक हातात घेतला. खाण्यापिण्याची अडचण नको म्हणून मी त्याला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याने ते सगळ्या गाडीला सांगितलं. "मंडळी, आपल्या या ताईंचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. तेव्हा त्यांना कुणी आग्रह करायचा नाही!"

चौतीस माणसं वळून बघत होती. त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण त्यानंतर आठ दिवस मी 'ऑपरेशनवाली' होते. किती किलो उतरले, खर्च किती आला, केस गळतात का, कातडी लोंबते का. आणि ते एक ठरलेलं वाक्य, "मनावर थोडा ताबा ठेवला असता तर?" ज्यांनी हे विचारलं त्यांना माझी तीस वर्षं माहीत नाहीत. त्यांना मी काही बोलले नाही, खिडकीबाहेर बघत राहिले.

तुम्ही हे सगळं ऐकत असणार. आरशातून दिसतही असेल. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी गाडी जेवायला थांबली. ऊन होतं, घसा कोरडा पडला होता आणि गाडी थांबायच्या पाचच मिनिटं आधी मी बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन बसले होते. थांबा चाळीस मिनिटांचा. त्यातली पंचवीस मला नुसती बसून काढावी लागणार होती आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत मी जेवूच शकत नाही, मला एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावावा लागतो. घाईने गिळलं की छातीत दगड अडकल्यासारखं होतं आणि मग सगळं उलटून पडतं. मी ताट न घेता दाराशी उभी होते. तुम्ही हात धुऊन बाहेर येत होतात. "जेवला नाहीत?" असं विचारलंत. मी म्हणाले, "आत्ताच पाणी प्यायले काका, आता अर्धा तास थांबावं लागेल." तुम्ही "बरं" म्हणालात आणि गाडीकडे गेलात.

संभाषण एवढंच. पुढचे सात दिवस आपण या विषयावर एक अक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाट उतरत असताना माइकवर तुमचा आवाज आला. "अर्ध्या तासाने जेवायला थांबतोय. पाणीबिणी प्यायचं असेल त्यांनी आत्ताच पिऊन घ्या." मागच्या पोराने बाटली उघडली. मीही उघडली. मला वाटलं, पुढे रस्ता खराब असेल, हिंदकळून पाणी सांडेल म्हणून सांगत असतील. रात्रीच्या जेवणाआधीही तेच. तिसऱ्या दिवशी तेच वाक्य ऐकलं तेव्हा मी सहज घड्याळ बघितलं. एक वाजून सात मिनिटं झाली होती. गाडी थांबली तेव्हा एक सदतीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्याचा आणि त्या पाण्याचा काही संबंध नव्हता.

काका, तुम्ही एकदाही माझ्याकडे बघून ते सांगितलं नाहीत. 'त्या ताईंनी' म्हणाला नाहीत. गाडीतल्या प्रत्येकाला सांगितलंत, म्हणून ते माझ्या एकटीचं राहिलं नाही. ज्या माइकवरून मला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं होतं, त्याच माइकवरून तुम्ही मला पुन्हा सगळ्यांच्यात बसवलंत. रोज दोनदा, आठव्या दिवसापर्यंत. वाटेत टायर बदलावा लागला, सगळं वेळापत्रक कोलमडलं आणि मॅनेजर तुमच्यावर ओरडत होता, त्या संध्याकाळीसुद्धा तुम्ही विसरला नाहीत.

तो अर्धा तास हातात आल्यावर बाकीचं मला जमायला लागलं. गाडी थांबली की मी सगळ्यांबरोबर बसायचे. आधी प्रोटीन, मग भाजी, उरली जागा तर बाकीचं. बहुतेक वेळा जागा उरायची नाही आणि ते ठीकच आहे. दोन जेवणांच्या मधे डब्यातलं अंडं. निघताना हातातल्या घड्याळाला अर्ध्या तासाचा गजर, तो वाजला की पुन्हा घोट घोट पाणी. पोट वेळेवर भरलेलं असलं की बिस्किटाचा पुडा हातोहात फिरत आला तरी तो पुढे देता येतो, हे मी त्या गाडीत शिकले. रिकाम्या पोटी माझ्याने ते होत नाही.

एकदाच चुकले, चौथ्या दिवशी रात्री. कुणाचा तरी वाढदिवस होता, केक कापला. "एका तुकड्याने काय होतंय" असं पाच-सहा जणांनी म्हटलं आणि मी खाल्ला. बायपास झालेल्या माणसाच्या पोटातून साखर थेट आतड्यात जाऊन पडते. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम सुटला, पोटात कळा आल्या. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. आग्रह करणाऱ्यांपैकी एकजण मी खोलीकडे जाताना म्हणाले, "झेपत नाही तर खायचं कशाला?" त्या रात्री वाटलं होतं, उद्याची गाडी पकडून परत जावं. पण सकाळी लवकर उठून अर्धा तास चालून आले, पट्ट्यावर हातांचे व्यायाम केले आणि तुमच्या गाडीत येऊन बसले. तुम्ही काच पुसत होतात. "आज लवकर?" म्हणालात. मी हो म्हणाले. तेवढ्याने बरं वाटलं.

आणखी एक विचारायचं होतं. प्रत्येक ठिकाणी गाडी तुम्ही सगळ्यात लांबच्या टोकाला लावायचात. लोक कुरकुरायचे, एवढं चालायचं म्हणून. मला मात्र त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा चालणं घडायचं. तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्यावर ते कुणालाही हवंच असतं, आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम ज्याच्या मागे लागलेला आहे त्याला तर फारच. ते सावलीसाठी होतं की आणखी कशासाठी, मला माहीत नाही. सावलीसाठी असेल तरी माझे आभार घ्या.

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो. खरं तर पहिलं वर्ष सोपं असतं, कारण भूकच लागत नाही आणि काटा आपोआप खाली येतो. दीड-दोन वर्षांनी तो थांबतो, बऱ्याच जणांचा थोडा वरही सरकतो, आणि तेव्हा आतापर्यंत लावलेल्या सवयी तेवढ्या हाताशी असतात. म्हणून आठ दिवसांचं मला इतकं भय होतं. प्रवासात मोडलेली सवय घरी आल्यावर पुन्हा जुळेलच असं नसतं. मी परत आले तेव्हा माझी एकही सवय मोडलेली नव्हती. वजन काट्यावर किती आलं ते सांगायचं नाहीये मला, आठ दिवसांत पाण्यानेसुद्धा ते इकडेतिकडे होतं.

सल्ला देणारे मला पुष्कळ भेटले. माझं ऐकून, ते लक्षात ठेवून, माझं नाव न घेता माझी सोय करणारं माणूस मला चौदा महिन्यांत एकच भेटलं. चांगली माणसं अजून आहेत असं लोक म्हणतात, तेव्हा मी मान डोलवायचे, पण मनातून तितकंसं पटायचं नाही. आता मी स्वतः ते म्हणते आणि तुमचं उदाहरण देते.

घरी मुलीला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अर्ध्या तासाने पानं घेतेय, पाणी पिऊन घ्या सगळ्यांनी." तिच्या बाबांनीही उठून पाणी प्यायलं. आता रोज तसंच चालतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल की नाही, कोण जाणे. लांब पल्ल्याची बस चालवणारं कुणी हे वाचत असेल आणि जेवणाच्या थांब्याआधी अर्धा तास पाण्याची आठवण करून देणारे काका त्यांच्या ओळखीचे असतील, तर एवढं वाचून दाखवा त्यांना.

आणि काका, माझा निळ्या झाकणाचा लहान डबा तुमच्या गाडीतच राहिला आहे, मागून दुसरी ओळ, खिडकीकडच्या सीटखाली. अंडी संपली होती, डबा धुतलेला आहे. परत पाठवायच्या खटपटीत पडू नका. घट्ट लागतो, रस्सा सांडत नाही. तुम्हीच वापरा.

तुमची,
खिडकीपाशी बसणारी