फोनला आपली भाषा कळते का?

मा. संपादक,

चतुर्थी जवळ आली की पणजी, मडगाव, म्हापशाच्या दुकानांत नव्या फोनच्या जाहिराती झळकू लागतात. हल्ली प्रत्येक जाहिरातीत ‘एआय’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता असतेच. कॅमेरा थोडा बरा, बॅटरी थोडी जास्त, बाकी फोन गेल्या वर्षीचाच. अशा बारीकसारीक सुधारणांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या घरात त्यांचाच खरा उपयोग झाला, तोही नवा फोन न घेता.

माझे वडील निवृत्त शिक्षक. कंपवातामुळे त्यांचं हाताने लिहिणं सुटलं. आता ते कीबोर्डवरचा माइक दाबून सावकाश बोलतात आणि पडद्यावर मराठी मजकूर उमटत जातो. गूगलने मराठीसाठी ही सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. सुरुवातीला वाक्यागणिक दुरुस्त्या कराव्या लागत. पुढे अपडेट येत गेले, चुका कमी होत गेल्या. ‘म्हार्दोळ’सारखं गावाचं नाव अजूनही कधी कधी चुकतं आणि विरामचिन्हं घालायला बाबा मला हाक मारतात. पण भजनी सप्ताहाचं निमंत्रण ते स्वतः लिहितात. हातात पुन्हा लेखन आल्याचा त्यांचा आनंद मी रोज पाहतो.

अडतं ते कोकणीपाशी. आमच्याकडे बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत, असं कितीतरी घरांत असतं. बोलता बोलता बाबांच्या तोंडून एखादं कोकणी वाक्य निघालं की पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. २०१७ मध्ये मराठीसह ज्या ८ भारतीय भाषांना ही सोय मिळाली, त्यांत कोकणी नव्हती. गूगल ट्रान्सलेटमध्येही ती मे २०२२ मध्ये आली. गोव्याच्या राजभाषेने इतकं ताटकळावं, हे मला पटत नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे जुन्या फोनची उपेक्षा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या साध्या आयफोन १५ ला ॲपलने दुसऱ्याच वर्षी आपल्या एआय सुविधांतून वगळलं. त्या सुविधा आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या फोनसाठीच ठेवल्या. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ ला ७ वर्षं अपडेट देण्याचं आश्वासन कंपन्यांनी दिलं, ते स्वागतार्ह आहे. पण हे महागडे फोन. आपल्या गावांतून बहुतेकांच्या हाती असतात ते स्वस्तातले, आणि गरजही तिथेच जास्त आहे. डोळे अधू झालेल्या आजीला औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी मराठीत वाचून दाखवणारा फोन हवा. फोटोतली माणसं पुसून टाकण्याची जादू तिच्या काय कामाची?

म्हणून माझी विनंती आहे. कोणती सुविधा मराठीत चालते, कोणती कोकणीत, इंटरनेट नसताना त्यातलं काय चालू राहतं आणि अपडेट किती वर्षं मिळणार, हे कंपन्यांनी खोक्यावरच छापावं. पावसात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून इंटरनेटचा मुद्दा आवर्जून लिहिला. ग्राहकांनीही पैसे मोजण्याआधी दुकानदाराला ती सुविधा आपल्या भाषेत चालवून दाखवायला सांगावं.

– एक वाचक, फोंडा