टाइम ऑफिसातल्या नानांना

तीर्थस्वरूप नाना यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र उघडं लिहितेय. पाकिटात घालून पाठवलं असतं, तर तुम्ही 'बरं, बरं' करून ते चष्म्याच्या डबीखाली सरकवलं असतं. आता नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. चारचौघांनी आधीच वाचलेलं असेल, म्हणजे तुम्हालाही शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

या फेब्रुवारीत आमच्याकडच्या पगाराच्या मेलखाली एक ओळ होती: 'या महिन्यात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये कापला आहे.' ती मी लिहिलेली नव्हती, टीममधल्या नव्या मुलानं लिहिली होती. त्याला त्याच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, तिला मी, आणि मला तुम्ही. भोसरीच्या कारखान्यात, हजेरी-पगार बघणाऱ्या आपल्या टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर तुम्ही दर जानेवारीअखेर खडूनं लिहायचात, की वर्षाचे २,५०० बारा महिन्यांत सारखे बसत नाहीत, म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. फळा लिहिला नाही तर खिडकीशी रांग लागते, हे तुम्हाला ठाऊक होतं. एमपीएम, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटची मास्टर्स झालेल्या, वर कामगार कायद्याचा डिप्लोमा केलेल्या मला फेब्रुवारीत काही वेगळं असतं हेच माहीत नव्हतं. (आता महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर लागत नाही. तुमचा फळा दोन ओळींनी वाढला असता.)

जून २००३ मध्ये मी ट्रेनी म्हणून आले तेव्हा तुम्ही मला मस्टरच्या, म्हणजे हजेरीपटांच्या, कपाटाशेजारी टेबल दिलंत आणि पहिल्याच आठवड्यात ऐंशी जणांचे पगार हातानं काढायला लावलेत. "कम्प्युटर काढतोच की," मी म्हटलं. "काढू दे. पण विचारायला माणसं कम्प्युटरकडं येत नाहीत, तुझ्याकडं येणार." मग एक पावती पुढं केलीत. "ह्याच्या हातात किती?" मी सांगितलं. "आता हा घरी बायकोला काय सांगेल ते सांग." तिथं माझी गाडी अडकली. कंपनी आपल्याएवढेच १२ टक्के प्रॉव्हिडंट फंडात भरते म्हणतात, मग वर्षाच्या स्लिपवर कंपनीचा वाटा कमी का दिसतो, हे मला कलमासकट येत होतं, पण सांगता येत नव्हतं. तुम्ही स्वतःचा जेवणाचा डबा टेबलावर ठेवलात. वरचा कप्पा फंडाचा, रिटायर झाल्यावर एकदम उघडायचा. खालचा पेन्शनचा, कंपनीच्या बारातून वळवलेल्या ८.३३ टक्क्यांचा, तोही ६,५०० रुपये पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला फार तर ५४१ रुपये. तो म्हातारपणी चमच्याचमच्यानं मिळायचा. ती मर्यादा २०१४ मध्ये १५,००० झाली, ५४१ चे १,२५० झाले. डब्याचं उदाहरण मी अजून तसंच वापरते, फक्त डबा समोर नसतो.

लग्नपत्रिकांबद्दल लिहायचंच आहे. कुणी कामगार पत्रिका घेऊन आला की तुम्ही ती फाइलला लावायचात, पाठीवर तारीख टाकायचात आणि लग्नानंतर तो कामावर आला की त्याला आत बोलावायचात. "पेढे राहू दे, आधी सही." फंडाचं नॉमिनेशन आणि ग्रॅच्युइटीचा जी नमुना, दोन्ही नव्यानं. मला आधी तो तुमचा विक्षिप्तपणा वाटायचा. एकदा, एकदाच, तुम्ही कारण सांगितलंत. मी यायच्या कितीतरी आधी एक पोरगा अपघातात गेला होता. नोकरीला लागताना तो बिनलग्नाचा, म्हणून भावाचं नाव लावलेलं. लग्न झाल्यावर ते नॉमिनेशन कायद्यानं रद्द होतं, पण नवं कुणी भरलंच नव्हतं. दोन घरं भांडली, आणि त्याची बायको लेकरू काखेला मारून गोळीबार मैदानाच्या पीएफ ऑफिसला खेटे घालत राहिली. "मी त्याच्या लग्नात जेवून आलो होतो," तुम्ही म्हणालात, "आणि फॉर्म बदलून घेतला नव्हता." पुढं काही बोलला नाहीत. मस्टर ओढून बसलात.

आज मी ज्या कंपनीत कॉम्पेन्सेशन आणि बेनिफिट्स बघते, तिथं कुणी सिस्टीममध्ये 'विवाहित' अशी नोंद केली, की नॉमिनेशनची खिडकी उघडते आणि भरल्याशिवाय बंद होत नाही. सल्लागारांनी तिला एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. आमची टीम तिला 'पत्रिका' म्हणते. "आज तीन पत्रिका आल्या." हैदराबादची पोरंसुद्धा म्हणतात.

आता २००६ ची गोष्ट. तुम्ही ती कधी कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मी सांगते.

आपल्या वेतन करारात डीए, म्हणजे महागाई भत्ता, महागाई निर्देशांकाच्या पॉइंटवर होता, पॉइंटला दोन रुपये. त्या जानेवारीपासून लेबर ब्युरोनं मोजमाप बदललं. १९८२ ऐवजी २००१ हे पायाभूत वर्ष आलं आणि साडेपाचशेच्या घरातला निर्देशांक एकदम ११९ वर आला. कारखान्याच्या शॉपमध्ये बोंब झाली की कंपनीनं डीए खाल्ला. नव्या आकड्याला ४.६३ नं गुणलं की जुना आकडा मिळतो, त्या जोड-गुणकाचं परिपत्रक मी टाइप करत बसले होते. तुम्ही कॅन्टीनमध्ये उभं राहून दोन वाक्यांत मिटवलंत: "कापड तेवढंच आहे. आधी वारानं मोजायचो, आता मीटरनं मोजतोय." सगळे हसले आणि चहाला गेले.

घोळ त्यानंतर मी घातला. ११९ गुणिले ४.६३ म्हणजे ५५०.९७. करारात स्पष्ट होतं की अर्ध्याच्या वरचा अपूर्णांक पुढच्या पूर्णांकात धरायचा, म्हणजे ५५१. मी दशांश सरळ उडवले आणि ५५० धरले. पगार वाटून झाले. दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंगमधले एक दादा पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं केलेलं गणित घेऊन खिडकीशी आले. दोन रुपये कमी. मी वैतागून म्हटलं, "दोन रुपयांसाठी शिफ्ट सोडून आलात?"

तुम्ही त्यांना बसवलंत, पाणी दिलंत. ते गेल्यावर मला म्हणालात, "तो दोन रुपयांसाठी आला नव्हता. त्याचं उत्तर जुळत नव्हतं म्हणून आला. जुळत नव्हतं कारण त्याचं बरोबर होतं." मग ३१२ माणसांचे महिन्याचे ६२४ रुपये माझ्याकडून लिहून घेतलेत. मला वाटलं, आता साहेबांकडं नेतील. नेलं नाहीत. पहिली शिफ्ट सुटताना गेटजवळ मला उभं केलंत आणि म्हणालात, "सांग." मी सांगितलं की चूक कंपनीची नाही, कम्प्युटरची नाही, माझी आहे, आणि फरक पुढच्या पगारात मिळेल. माझे पाय लटपटत होते. तुम्ही माझ्या मागं, गेटच्या खांबाला टेकून, बिडी न पेटवता उभे होतात. ते दादा पुढं झाले आणि म्हणाले, "गुणाकार बरोबर होता बाई, फक्त शेपूट कापलं."

त्यानंतर युनियनशी करार झाला तेव्हा तुम्ही साहेबांना सांगून मला खोलीत बसवलंत. त्या टेबलाशी मी एकटीच बाई. युनियनला वाढ बेसिकमध्ये हवी, कंपनीला भत्त्यात. शंभर रुपये बेसिकमध्ये टाकले की वर फंडाचे बारा, ग्रॅच्युइटीची पावणेपाच-पाच टक्के तरतूद, बोनस, डबल दरानं ओव्हरटाइम, हे मी कॅल्क्युलेटरवर मांडत होते आणि दोन्ही बाजू माझ्या कागदाकडं बघत होत्या. याच कामात आयुष्य काढायचं, हे मला त्या खोलीत कळलं. बाहेर आल्यावर तुम्ही बेसिकला भाकरी आणि भत्त्यांना भाजी म्हणालात, आणि "ह्यांना नुसती भाजी वाढून उठवायचंय" असंही.

२००८ मध्ये हिंजवडीची ऑफर आली तेव्हा मी टाळत होते. इंग्रजी फाडफाड येत नव्हतं, आणि तिथले लोक पर्सेंटाइल, मीडियन असलं काही बोलायचे. तुम्ही म्हणालात, "इथं राहिलीस तर माझ्यासारखी होशील. मी वाईट नाही, पण एक पुरे."

पुढचं तुम्हाला फोनवर कळत गेलंय. पदांच्या श्रेणी, बाजारातल्या पगारांची पाहणी, शेअर्स, आई-वडिलांसकट आरोग्य विमा. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, तेव्हा 'आता बायका घ्यायच्या का' असं कुजबुजणाऱ्या एका मॅनेजरला मी शांतपणे आकडे दाखवू शकले. मी तुमच्याइतकी शांत मात्र अजून झालेले नाही. आणि एक कबुली. हजारो लोकांचे पगार तपासणाऱ्या मला स्वतःच्या श्रेणीत आपला पगार खालून तिसरा आहे, हे चार वर्षांनी कळलं. तुम्ही दर दिवाळीला विचारायचात, "स्वतःची पावती वाचलीस का?" मी हसण्यावारी न्यायचे.

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आमच्याकडं पंधरा दिवस बैठका चालल्या. मला सारखी तुमची भाकरी-भाजी आठवत होती. एका बैठकीत म्हणूनही टाकलं. वित्त विभागाच्या साहेबांनी ते इंग्रजीत लिहून घेतलं, कसं ते देव जाणे.

तुमच्या ग्रॅच्युइटीचा कागद अजून माझ्याकडं आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तुम्ही रिटायर झालात तेव्हा, मी तिथं नसतानाही, तो तपासायला माझ्याकडं आणला होतात. १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ३६ वर्षं: ३,७३,८४६. खाली तुमच्याच अक्षरात रेघ, आणि 'मर्यादा ३,५०,०००'. सहा महिन्यांनी, मे २०१० मध्ये, ती मर्यादा १० लाख झाली. मी चिडून फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "तुझा गुणाकार बरोबर आला ना? मग झालं." तुमचं झालं असेल. मला ते २३,८४६ अजून सलतात.

परवा पत्रिका मिळाली. म्हणजे हे पत्र वाचून दाखवणाऱ्या चिरंजीवांचंच लग्न. आम्ही सगळे येतोय. आणि चिरंजीव, नॉमिनेशन आता ऑनलाइन असतं, ओटीपीला दोन मिनिटं लागतात. जेवणाच्या पंगतीआधी तुमचा मोबाइल आणि सूनबाईंचं आधार घेऊन नानांच्या शेजारी येऊन बसा. मी तिथंच असेन.

तुमची,
मस्टरच्या कपाटाशेजारची